वयाची अट : कोणासाठी आणि कशासाठी?



वार्षिक समारंभात शिक्षकाने निकालाविषयी, शिस्तीविषयी किंवा स्पर्धा परीक्षांविषयी चार शब्द बोलावेत असा प्रघात आहे. आज मी त्याहून थोडा अवघड विषय घेतला आहे. अज्ञान मुलामुलींना कायद्याने दिलेले संरक्षण आणि संमतीचे वय, हा तो विषय. हा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असे आपणांपैकी काहींना वाटेल. त्यांच्या संकोचाचा मी आदर करतो. परंतु ज्या गोष्टी आपण चारचौघांत बोलत नाही, त्या पुढे पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात बोलाव्या लागतात, आणि त्या वेळी बोलणारे आपण नसतो, आपले वकील असतात. त्यापेक्षा आज आपल्याच मंडपात, आपल्याच माणसांत बोललेले बरे.

प्रथम संमतीचे वय म्हणजे काय ते पाहू. उरणच्या माणसाला हे समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत, कारण आपल्या तालुक्याने जमिनीचे व्यवहार पुष्कळ पाहिले आहेत. सिडकोचे भूसंपादन झाले, बंदर आले, साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांचे कागद घरोघरी फिरले. सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावापुढे 'अ. पा. क.' ही अक्षरे आपण पाहिली आहेत. अज्ञान पालन कर्ता, असा त्यांचा अर्थ. दहा-बारा वर्षांच्या मुलाने आपल्या हिश्शाच्या खरेदीखतावर आनंदाने सही केली, तरी त्या सहीला किंमत नाही. का? मूल खोटे बोलते म्हणून नव्हे, की मूल वाईट म्हणूनही नव्हे. समोरच्या मोठ्या माणसाने त्याच्या अजाणतेपणाचा फायदा घेऊ नये म्हणून. संमतीच्या वयाचे तत्त्व नेमके हेच आहे. ठरावीक वयाखालच्या मुलाचा 'हो' कायदा मोजतच नाही, आणि त्यामुळे सगळी जबाबदारी मोठ्यावर येते.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या देशात मिळकतीच्या व्यवहारासाठी सज्ञानतेचे वय १८ वर्षे ठरले ते १८७५ च्या कायद्याने. त्याच कायद्यात विवाह, मेहर आणि तलाक या बाबी मात्र वगळून ठेवल्या होत्या. मुलाच्या जमिनीला १८ वर्षांचे कुंपण १८७५ साली मिळाले. मुलीच्या देहाला तेच कुंपण मिळायला २०१२ साल उजाडावे लागले. मध्ये १३७ वर्षे गेली. ती कशी गेली, हे आपण पाहू.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत संमतीचे वय होते १० वर्षे. दहा वर्षांच्या मुलीचा 'हो' ग्राह्य धरला जात असे, आणि ती विवाहित असेल तर प्रश्नच मिटला. अशा काळात मुंबईत रखमाबाई नावाची मुलगी वाढत होती. तिचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी तिचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. ती माहेरीच, आपले सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहिली आणि शिकली. पुढे १८८४ साली पतीने नांदायला येण्यासाठी दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अजाण वयात, तिला न विचारता झालेल्या लग्नासाठी तिच्यावर सक्ती करणे त्यांना अमानुष वाटले. परंतु अपिलानंतर प्रकरण पुन्हा चालले आणि १८८७ साली नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. त्या विलायतेस गेल्या, डॉक्टर झाल्या, परत येऊन सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांची सेवा केली. विद्यार्थिनींनो, ज्या मुलीला कायदा तुरुंगात धाडायला निघाला होता, तिच्या हातून पुढे किती बायका सुखरूप बाळंत झाल्या असतील, याचा विचार करा.

रखमाबाईंचा दावा गाजत होता, त्याच सुमारास कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या बळजबरीमुळे रक्तस्राव होऊन मरण पावली. पती पस्तिशीचा होता. मुलीने दहा वर्षे ओलांडलेली असल्याने त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा लागू शकला नाही. एक वर्षाच्या शिक्षेवर तो सुटला. बेहरामजी मलबारी हे पारशी गृहस्थ १८८४ पासून या प्रश्नावर लिहीत होतेच. १९ मार्च १८९१ रोजी कायदा झाला आणि वय १० वरून १२ झाले. अवघी दोन वर्षे वाढली!

त्या दोन वर्षांसाठी महाराष्ट्रात केवढे रण माजले, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचले आहे. रानडे, भांडारकर, तेलंग, आगरकर ही मंडळी कायद्याच्या बाजूने, तर लोकमान्य टिळक विरोधात. टिळकांचे म्हणणे असे, की सुधारणा समाजाने स्वतः करावी, परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये. हा युक्तिवाद मी मुद्दाम सांगतो आहे, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. आपल्या मोहल्ल्यात आज कोणी 'हा आमच्या घरचा मामला आहे, सरकारने यात पडू नये' असे म्हणतो, तेव्हा तो नवीन काही बोलत नसतो. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्याच्या सभांत हेच बोलले गेले. तात्पर्य, हा कायदा एखाद्या जमातीला खिजवण्यासाठी जन्माला आला नाही. प्रत्येक समाजाला त्याची पाळी आल्यावर तो टोचला आहे.

मग आपली पाळी आली. १९२८ साली सरकारने संमतिवयाची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते सर मोरोपंत जोशी, म्हणजे मराठी गृहस्थ. समितीत मुस्लिम सभासदही होते. १९२९ साली शारदा कायदा झाला आणि मुलीच्या लग्नाचे किमान वय १४, मुलाचे १८ ठरले. अनेक उलेमांनी विरोध केला आणि मुसलमानांना यातून वगळावे, अशी मागणी झाली. परंतु हेही विसरता कामा नये, की मध्यवर्ती कायदेमंडळात बॅरिस्टर जिना यांनी या विधेयकाला पाठिंबा दिला होता, आणि अब्बास तय्यबजींच्या कन्या शरीफा हमीद अली यांनी त्याच्या बाजूने प्रचार केला. कायदा सर्वांना लागू झाला. पुढे १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने तर आपल्याच शरियतमधील एक हक्क लेखी केला. पित्याने किंवा पालकाने पंधरा वर्षांच्या आत निकाह लावून दिला असेल, आणि पती-पत्नी म्हणून संबंध आला नसेल, तर अठरा पूर्ण होण्याआधी मुलगी तो निकाह नाकारू शकते. याचा अर्थ असा, की लहानपणी दुसऱ्याने दिलेली संमती मुलीवर कायमची बांधील नाही, ही कल्पना आपल्याला बाहेरून कोणी शिकवलेली नाही.

दीनदार पालकांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. यतीम मुलांची मिळकत त्यांच्या हवाली कधी करावी, याविषयी कुरआन शरीफात सूरह निसामध्ये मार्गदर्शन आहे. तेथे नुसते वयात येणे पुरेसे मानलेले नाही. मुलाला समजूत आली आहे काय, हे पारखून मग माल सोपवावा, असा त्याचा आशय आहे. या समजुतीलाच 'रुश्द' म्हणतात. मी आलिम नाही, फतवा देणे माझे काम नाही. पण एक साधा प्रश्न विचारतो : ज्या मुलीच्या हाती आपण दोन तोळे सोने सांभाळायला देत नाही, तिच्या हाती संसार, सासर आणि बाळंतपण कसे देतो?

आता अलीकडच्या कायद्याकडे येऊ. १९४० मध्ये संमतीचे वय १६ झाले, पण पत्नीच्या बाबतीत ते १५ च राहिले. १९७८ मध्ये लग्नाचे किमान वय मुलीसाठी १८ व मुलासाठी २१ झाले. १४ नोव्हेंबर २०१२ पासून 'पोक्सो' कायदा अमलात आला आणि अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलगा व मुलगी 'बालक' ठरली. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीलाही हे संरक्षण दिले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद लिहिली गेली.

याचा व्यवहारातला अर्थ पालकांनी नीट ऐकावा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा निकाह लावला, सर्वांच्या राजीखुशीने लावला, मेहर ठरला, वलीमा झाला. काही महिन्यांनी मुलगी दवाखान्यात तपासणीसाठी गेली. केसपेपरवर वय लिहिले सतरा. येथून पुढे कोणाच्या हातात काही राहत नाही. पोक्सो कायद्याप्रमाणे गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. डॉक्टरने कळवले नाही तर डॉक्टर गुन्हेगार. गुन्हा दाखल होतो तो नवऱ्यावर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, अत्याचारातून मुलगी गरोदर राहिली असेल तर किमान शिक्षा वीस वर्षे आहे. वीस-बावीस वर्षांचा जावई तुरुंगात, मुलगी कडेवर मूल घेऊन माहेरी, आणि दोन घरांची सोयरीक कोर्टाच्या व्हरांड्यात! शिवाय २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली विवाह लावणारा, त्याला उत्तेजन देणारे पालक आणि सज्ञान नवरदेव यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्त्रियांना मात्र या कायद्याखाली कैद नाही.

'पण आपला पर्सनल लॉ वेगळा आहे ना?' असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. खरे आहे, वयात आलेल्या मुस्लिम मुलीचा निकाह वैध की अवैध, यावर उच्च न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत. परंतु निकाह वैध आहे की नाही हा एक प्रश्न, आणि पोक्सोचा गुन्हा होतो की नाही हा दुसरा. पोक्सो कायद्यातच म्हटले आहे, की अन्य कायद्याशी विसंगती आली तर पोक्सो वरचढ राहील. केरळ उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितले, की पर्सनल लॉखाली झालेले विवाह पोक्सोच्या बाहेर राहत नाहीत. तेव्हा 'चालतं आपल्यात' या दोन शब्दांवर मुलाचे आयुष्य पणाला लावू नका.

पालक लवकर लग्न का लावतात, हे मला ठाऊक आहे. मुलगी ओझे वाटते म्हणून क्वचितच, बहुतेकदा भीतीपोटी. दहावीनंतर मुलगी पनवेलला, वाशीला कॉलेजला जाणार, रस्त्यावर कंटेनरांची रांग, संध्याकाळी उशीर, कोणी काही बोलले तर, कोणाच्या नादाला लागली तर! चांगले स्थळ चालून आले आहे, मुलगा दुबईत आहे, पुढच्या सुट्टीत परत जाणार. बापाची ही भीती खोटी नाही. पण त्या भीतीचा इलाज मुलीचे शिक्षण तोडणे हा नव्हे. पूर्वी मोऱ्याच्या लाँचची वेळ पाहून घरून निघावे लागे. जानेवारी २०२४ पासून उरणला रेल्वे आली आहे. मुलींनी गटाने जावे-यावे, जमातीने त्याची व्यवस्था बघावी, संस्थेने होतकरू मुलींची फी भरावी. हे सर्व शक्य आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. म्हणजे दर पाचांत एकीहून अधिक. त्यात सर्व धर्मांच्या मुली आहेत. हे दुखणे एकट्या आपले नाही, पण आपल्या घरातले औषध आपल्यालाच करावे लागेल.

येथे शाळेचा संबंध कोठे येतो, ते सांगतो. १९७२ साली विदर्भात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचे प्रकरण घडले. तिच्या वयाचा पक्का पुरावा नव्हता. डॉक्टरांचा अंदाज १४ ते १६ वर्षांचा. मग सारी चर्चा तिची संमती होती की नव्हती, अंगावर जखमा का नाहीत, याच्याभोवती फिरत राहिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून आरोपी सुटले. देशभर संताप उसळला, चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि १९८३ साली कायदा बदलला. मी शिक्षक म्हणून यातून एक धडा घेतो. आज मुलाचे वय ठरवताना कायदा प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला आणि दहावीचे प्रमाणपत्र पाहतो. तेव्हा पहिलीत प्रवेश घेताना 'सर, दोन वर्षे वाढवून लिहा' किंवा 'कमी करून लिहा' असा आग्रह कृपा करून धरू नका. जनरल रजिस्टरमधली ती एक ओळ उद्या तुमच्या मुलीचे संपूर्ण संरक्षण असेल.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. अकरावी-बारावीच्या वयात मन कोणाकडे ओढ घेते. त्यात पाप-पुण्याची चर्चा मी आज करीत नाही. घरी ती होतेच. मी कायदा सांगतो. मुलगी सतरा वर्षे अकरा महिन्यांची असेल, ती स्वखुशीने तुमच्याबरोबर आली असेल, तिने तसे लिहून दिले असेल, तरी तिचा तो 'हो' कायद्याच्या लेखी 'हो' नाही. तुम्ही अठरा ओलांडलेले असाल तर पूर्ण आरोपी आहात. हा कायदा अशा जोडप्यांच्या बाबतीत फार कठोर होतो, असे अनेक न्यायाधीशांनी म्हटले आहे, आणि त्यांचे म्हणणे विचार करण्यासारखे आहे. परंतु विधी आयोगाने २०२३ च्या अहवालात वय १६ वर आणू नये, फक्त १६ ते १८ च्या प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायालयाला काही मोकळीक द्यावी, असेच सुचविले. कारण सोळा वर्षांच्या प्रेमिकेसाठी उघडलेल्या दारातून चाळीस वर्षांचा दलालही आत शिरतो. तेव्हा थांबा. ज्याला खरोखर एखाद्या मुलीची कदर आहे, त्याला दोन वर्षे थांबणे जड जाऊ नये. आणि पालकांनो, रागाच्या भरात, निव्वळ दुसऱ्या जातीचा किंवा गरीब घरचा मुलगा म्हणून त्याच्यावर खोटेनाटे आरोप करण्यासाठी हा कायदा वापरू नका. मुलांच्या रक्षणासाठी उभारलेली भिंत मुलांच्याच अंगावर पाडू नये.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपण बाहेरच्या माणसाला भितो, पण केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले आढळले. आणि सोसणाऱ्यांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा कमी नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला आणि तक्रार घ्यायला विलंब झाला म्हणून सारे शहर रेल्वे रुळांवर उतरले. त्यातून आपण काय शिकायचे? मूल एखाद्या नातेवाइकाकडे, शेजाऱ्याकडे, शिकवणीला किंवा मदरशात जायला अचानक घाबरू लागले, तर त्याला रागावू नका, ऐकून घ्या. 'अमुक चाचा असे करणार नाहीत' हे वाक्य तोंडातून काढण्याआधी मुलाचे सगळे बोलणे पूर्ण होऊ द्या. मग १०९८ हा फुकट नंबर आहे, पोलीस आहेत. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा, असे कायद्यात आहे. मुलाचे नाव छापण्यास मनाई आहे. म्हणजे अब्रूची काळजी कायद्यानेही घेतली आहे. आणि संस्थेच्या प्रमुखाने, हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा ठाऊक असून दडपला, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. हे मी आम्हा शाळावाल्यांसाठी सांगतो आहे. 'संस्थेचे नाव खराब होईल' ही सबब यापुढे कोणी आमच्याकडून ऐकून घेऊ नये.

मी तीन विनंत्या करतो. काझीसाहेबांनी निकाहापूर्वी वधू-वरांचा जन्माचा दाखला पाहावा आणि अठरा-एकवीस पूर्ण नसतील तर अदबीने नकार द्यावा. जमातीने दहावी झालेल्या प्रत्येक मुलीची यादी ठेवावी आणि ती पुढे कोठे शिकते याची वर्षातून एकदा विचारपूस करावी. आणि प्रत्येक आई-बापाने आपल्या मुलांना एवढे जरूर सांगावे, की कोणी त्रास दिला तर दोष तुझा नाही, तू आम्हाला सांग, आम्ही तुझ्या बाजूने आहोत.

१० पासून १८ पर्यंत येण्यासाठी या देशाला दीडशे वर्षे लागली. प्रत्येक पायरीवर कुणी फुलमणी मेली, कुणी रखमाबाई भांडली. कायद्याच्या पुस्तकातले काम बहुतेक झाले आहे. आता उरले आहे ते घरातले, आणि ते करायला ना वकील लागतो ना सरकार.

 अल्लाह आपल्या सर्वांच्या लेकरांची हिफाजत करो. खुदा हाफिज.